सतराचा पाढा

माझा आवाज मोठा होता. चौदा वर्षं प्राथमिक शाळेत पाढे शिकवून तो तसा झाला, की तसा होता म्हणून मला मास्तरकी जमली, हे आता सांगता येणार नाही. शाळेच्या मागच्या, आमच्या घराला लागून असलेल्या गल्लीत कापडाचे माग चालत, दिवसभर त्यांची खटखट चाले, आणि तिच्यावर मात करून माझ्या वर्गाचे पाढे पार चौकापर्यंत ऐकू जात. या मास्तरच्या हाताखालून गेलेलं पोर झोपेतून उठवलं तरी एकोणतिसाचा पाढा म्हणेल, असं बुऱ्हाणपुरात बोललं जाई. मी ते न ऐकल्यासारखं करून नीट ऐकत असे.

घरीही तीच तऱ्हा. दिवेलागण झाली की परवचा. ज्यांच्या घरी ही चाल नव्हती त्यांना सांगतो: संध्याकाळी देवापुढे दिवा लागला की मुलांनी हातपाय धुऊन बसायचं आणि पाढे, पावकी, निमकी, दिडकी, महिने, तिथी सगळं मोठ्यानं म्हणायचं, घरातल्या मोठ्या माणसानं ऐकायचं. आमच्याकडे म्हणणारी एकच, माझी मुलगी, आणि ऐकणारा मी. मी ऐकायचो म्हणजे चूक कधी होते याची वाट पाहायचो. त्या काळी यालाच अभ्यास घेणं म्हणत.

तिला पाचवं लागलं तेव्हा मी माजघराच्या चुन्याच्या भिंतीवर गेरूनं दोनपासून तीसपर्यंतचे पाढे लिहिले होते. नुसते आकडे, उभ्या ओळीत. ती पाटावर बसायची, त्या भिंतीकडे तोंड करायची आणि मागांच्या खटखटीचा ठेका धरून म्हणत सुटायची. आठव्या वर्षी तिला सगळे पाढे उलटेसुद्धा येत होते. पाहुणे आले की मी तिला पुढे करत असे आणि तीही आनंदानं म्हणून दाखवी. सगळ्यांत तिला सतराचा पाढा आवडे. का, म्हणून विचारलं तर म्हणाली होती, बाकीचे पाढे एकमेकांच्या ओळखीचे वाटतात, सतरा एकटाच असतो. हे काय बोलणं, असं म्हणून मी हसलो होतो.

आमच्या घराण्यात चौथीपुढे मुलगी शिकलेली नव्हती. माझा थोरला भाऊ बहादरपूरला केळीची बाग पाहायचा. शहरातलं घर मी सांभाळत होतो, तरी घरातले मोठे निर्णय त्याचेच असत, आणि ते मला कधी जाचक वाटले नव्हते. हिला पुढे शिकवायची, हे मी त्याला पटवलं होतं. तेही वाद घालून नाही. एका संध्याकाळी तो आलेला असताना परवचा लावला. ती तेविसाचा पाढा उलटा म्हणून गेली आणि दादानं तिला जवळ घेतलं. मग म्हणाला, चौथी पास होऊ दे, पाचवीला घाल. पण नापास झाली तर ताणू नकोस, घरी बसेल. मी हसून कबूल केलं. नापास होण्याचा प्रश्नच कुठे होता?

ती चौथीत गेली त्याच सुमारास प्रांतांची नवी वाटणी झाली. नागपूर एकीकडे गेलं, आम्ही दुसरीकडे राहिलो. आमची राजधानी आता भोपाळ. अर्ज केला तर विदर्भात बदली मिळण्यासारखी आहे, असं हेडमास्तरांनी आम्हा मराठी शिक्षकांना बोलावून सांगितलं. दोघांनी केला आणि ते गेले. मी कागद घरी आणला, चार दिवस पुस्तकात ठेवला आणि मग दिला सोडून. माझी तापी, माझी गल्ली, माझ्या भावाची बाग. जिथं आहे ते माझंच आहे, मी कशाला कुठे जाऊ, असा माझा ताठा होता. मुलीला विचारायचं मनातसुद्धा आलं नाही. नऊ वर्षांच्या मुलीला असलं कोण विचारतं?

शिक्षक गेले, मुलंही कमी झाली. मराठी चौथीचा वर्ग बंद करून मुलांना हिंदी चौथीत बसवण्यात आलं. मलाही हिंदीतून शिकवायला सांगितलं आणि पुढच्या वर्षी खात्याची हिंदीची परीक्षा द्यावी लागेल असं बजावलं. मी घरी येऊन बायकोला म्हणालो, हिंदी काय, आपलीच आहे. ते खोटंही नव्हतं. बाजारात आम्ही हिंदीच बोलायचो, शेजारी हिंदीच होतं, माझी मुलगी गल्लीतल्या पोरींशी हिंदीत भांडून मराठीत रडत घरी यायची. तिला कसली अडचण येणार, असंच घरात सगळे धरून चालले. मी तर मास्तर. मला आधी कळायला हवं होतं.

महिन्याभरानं तिच्या वर्गाच्या गुरुजींनी मला मधल्या सुट्टीत गाठलं. चांगला माणूस, माझ्याहून लहान, दोन वर्गांची मुलं एका खोलीत सांभाळून मेटाकुटीला आलेला. तक्रार करायचीही त्याला लाज वाटत होती. तो म्हणाला, "मास्टरजी, बिटिया को जवाब आता है. पर पहाड़ा पूछो तो होंठ हिलाती रहती है, मन में कुछ बोलती रहती है. तब तक दूसरे बच्चे बोल देते हैं. फिर सब हँसते हैं."

गावात ज्याच्या पाढ्यांची वाहवा होते त्याच्या मुलीला पाढ्यांवरून हसतात. माझ्या डोक्यात एवढंच शिरलं. ती मनात काय म्हणते, याचा विचार मी केला नाही. किंबहुना केला आणि लगेच निकालही लावला: ती मराठीत म्हणते, मग त्याचं हिंदी करते, त्यात वेळ जातो. निदान बरोबर होतं. औषध मी काढलं ते असं, की मराठी पाढेच काढून टाकायचे.

रविवारी मी चुना कालवला आणि माजघरातली भिंत पांढरी केली. गेरू चुन्यातून पुन्हा पुन्हा वर येत होता, तीन हात द्यावे लागले. मुलगी उंबऱ्यात उभी राहून बघत होती. वाळल्यावर मी त्याच भिंतीवर सगळे पाढे हिंदीत, अक्षरांत लिहायला घेतले. सत्रह एकम सत्रह, सत्रह दूनी चौंतीस. बायको परातीत पीठ घेऊन जाता जाता थांबली. ती रावेरकडच्या खेड्यातली, दोन इयत्ता शिकलेली.

"अहो, पण आकडे तं तेच हायेत ना?" ती म्हणाली.

तुला यातलं काय कळतं, असं मी तिला सुनावलं. मास्तर तू आहेस का मी, असंही म्हणालो असेन. ती आत गेली. तेवढ्या एका वाक्यात जे होतं ते मला कळायला पाच महिने लागले.

त्या दिवसापासून घरात मराठी आकडा बंद. मी वेळापत्रक करून खिळ्याला टांगलं. पहाटे उठून दहा पहाडे, शाळेतून आल्यावर पाटीवर दहा, दिवेलागणीला सगळे तोंडी. मध्ये एक मराठी आकडा आला की पुन्हा पहिल्यापासून. स्वयंपाकघरातही नियम लावला. बायकोला भाकरी मोजताना दो, तीन म्हणावं लागे. ती म्हणायची ते मला खिजवण्यासाठीच, ठासून म्हणायची. मुलगी मात्र खिजवत नव्हती, ती मनापासून प्रयत्न करत होती. हे लिहिताना सर्वांत जास्त टोचतं ते हेच. ती उनाड असती, हट्टी असती तर मला आज एवढं वाटलं नसतं.

पहिले आठ दिवस बरे गेले. मग तिच्या पाढ्यात भोकं पडायला लागली. सत्रह तिया म्हणून थांबायची, मराठीतला एक्कावन्न तोंडावर यायचा, तो गिळायची आणि त्याच्याबरोबर आकडाच गिळून टाकायची. पुढे पुढे तिचा मराठी पाढाही विस्कटला. एकदा मी सहज, अगदी जेवताना, आठ साती किती म्हणून विचारलं. पाच वर्षांची असल्यापासून तिला जे येत होतं ते. ती माझ्याकडे बघत राहिली. कोणत्या भाषेत विचारलं म्हणजे कोणत्या भाषेत उत्तर द्यायचं, याचाच तिला अंदाज येत नव्हता. मी म्हणालो, लक्ष नाही तुझं. लक्ष सगळंच्या सगळं माझ्या चेहऱ्यावर होतं, हे मला दिसत होतं आणि तरी मी तसं म्हणालो.

सहामाहीत ती गणितात नापास झाली. भाषेत पास, भूगोलात पास, गणितात नापास. गुरुजींनी निकाल माझ्या हातात दिला आणि दुसरीकडे पाहिलं.

दादाला कळलं. तो बहादरपूरहून सायकलला केळीचा घड बांधून आला, ओसरीवर बसून पाणी प्याला. रागावला असता तर मी भांडलो असतो. तो रागावला नाही.

"मास्तर, पोरगी हुशार हाये, मी नाही कुठं म्हणतो?" तो म्हणाला. "पण तिचं तोंड पाहिलंस का? सुकून गेलं. वार्षिकला पाहू. पास झाली तं पाचवीला घाल, मी आडवा येणार नाही. नाही झाली तं मग राहू दे तिला सुखानं."

मुलगी आतून ऐकत होती. ती ऐकते आहे हे मला माहीत होतं. दादा गेल्यावर मी आत जाऊन तिला धीर द्यायला हवा होता. मी आत गेलो आणि म्हणालो, ऐकलंस ना? बस पाटावर.

तेव्हाचा एक प्रसंग टाळून पुढे जावंसं वाटतं, पण ते बरोबर नाही. पौषातली संध्याकाळ होती. सतराचा पाढा चालला होता, तिचा लाडका. सत्रह चौक, असं म्हणून ती अडली. तिचे ओठ हलायला लागले. मी म्हणालो, ओठ हलवू नकोस. ते हलायचे थांबले, पण आकडा येईना. मग ती एकदम काहीतरी बोलली, धड अडुसष्ट नाही, धड अड़सठ नाही, मध्येच काहीतरी. मी तिला थोबाडीत मारली. वर्गात मी छडी वापरायचो, पण घरी तिच्यावर हात कधी उचलला नव्हता. ती रडली नाही. तिनं दोन्ही ओठ आत ओढून दातांखाली धरले आणि भिंतीकडे बघत बसली. मी देवापुढच्या दिव्याची वात उगाच वर केली आणि बाहेर निघून गेलो.

त्यानंतर रोज संध्याकाळी तिचं पोट दुखायला लागलं. बायको ओवा द्यायची, हिंग लावायची. आठ-दहा दिवसांनी मी म्हणालो, वैद्यांना दाखवू या. बायको चुलीपाशी होती, तिनं वळूनही पाहिलं नाही.

"दिवसभर चांगली खेळते," ती म्हणाली. "तुमची चाहूल लागली का दुखतं."

मी ऐकून घेतलं. मला राग आला नाही, भीती वाटली. मी तिला शाळेत ठेवायला निघालो होतो आणि शाळेचंच नव्हे, माझंही तोंड बघू नये असं तिला वाटायला लागलं होतं.

त्याच आठवड्यात एक दिवस शाळा दुपारीच सुटली. तपासणीला येणारे साहेब येणार नाहीत असं कळलं आणि हेडमास्तरांनी सगळ्यांना घरी पाठवलं. मुलगी आधी पोचली होती, मी भाजी घेऊन मागून आलो. पुढच्या दाराला आतून कडी होती म्हणून बोळातून परसाकडे वळलो. न्हाणीच्या कुडापाशी आलो तर पलीकडून तिचा आवाज ऐकू आला.

सतरा एके सतरा, सतरा दुणे चौतीस.

मी थांबलो. कुडाच्या फटीतून दिसत होतं. बायको उन्हात शेंगा फोडत बसली होती आणि मुलगी तिच्यासमोर उभी राहून, हात मागे बांधून, पाढा म्हणत होती. आवाज बारीक ठेवला होता, पण एकही आकडा अडत नव्हता. सतरा त्रिक एक्कावन्न, सतरा चोक अडुसष्ट, सतरा पंचे पंच्याऐंशी. मागच्या गल्लीत माग चालू होते, तिनं त्यांचाच ठेका धरला होता, पूर्वी धरायची तसा. बायको शेंगा फोडता फोडता मान हलवत होती. तिला शंभरापुढे फारसं मोजता येत नव्हतं, चूक तिला पकडता आली नसती. मुलगी तिच्यापुढे म्हणत होती ती बहुतेक त्याचसाठी.

मला अतिशय आनंद झाला. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढचं त्यामुळेच घडलं. पाढा गेलेला नव्हता. मला वाटत होतं की मी तो घालवला, आणि तो तिच्याकडे शाबूत होता, तिनं तो माझ्यापासून लपवून जपला होता. माझ्या तोंडून नकळत "वा" निघालं आणि मी कुडामागून पुढे झालो.

तिनं मला पाहिलं. दोन्ही हातांनी तोंड झाकलं. क्षणभर तशीच राहिली. मग हात खाली घेतले, सरळ उभी राहिली, नजर माझ्या शर्टाच्या गुंडीवर ठेवली आणि ओठ जेमतेम उघडून सुरुवात केली.

"सत्रह एकम सत्रह. सत्रह दूनी चौंतीस."

"पुरे," मी म्हणालो.

"परत पहिल्यापासून म्हणू?"

मी भाजीची पिशवी खाली ठेवली आणि तिथेच न्हाणीच्या दगडावर बसलो. माझ्याच घरात माझी मुलगी मला घाबरून हिंदी बोलत होती. मला रडू आलं आणि मी ते दाबलं नाही. मुलगी आणखीच भेदरली, आईच्या मागे जाऊन उभी राहिली. बायको मात्र शेंगा फोडत राहिली. थोड्या वेळानं ती एवढंच म्हणाली, आकडे तं तेच हायेत.

या वेळी मी ऐकलं.

दुसऱ्या दिवशी वर्गात हजेरी घेताना मी स्वतःकडे लक्ष ठेवलं. मुलं मोजली ती मराठीत, मनातल्या मनात. फळ्यावर आकडा लिहिला. मग तो फळ्यावरचा आकडा वाचून मोठ्यानं हिंदीत सांगितला. रोज असंच करत होतो मी. चाळिशीला आलेला मास्तर हिंदीत मोजू शकत नव्हता, मध्ये आकडा ठेवून वाट काढत होता, आणि नऊ वर्षांच्या मुलीला मी ती वाट बंद करून ठेवली होती. वर तिच्यासमोर उभा राहून ओरडत होतो.

त्या संध्याकाळी मी खिळ्यावरचं वेळापत्रक काढलं. तिला म्हणालो, पाढा मनात मराठीतच म्हण. उत्तर आलं की ते पाटीवर आकड्यात लिही. मग तो आकडा हिंदीत वाच. वेळ लागला तर लागू दे. तिनं मान डोलावली, पण विश्वास बसलेला दिसला नाही. हाही काहीतरी फास आहे, असं तिला वाटत असावं. आकड्यांची हिंदी नावं पक्की व्हावीत म्हणून मी दुसरा एक खेळ काढला. रोज फक्त दहा आकडे. पाच मी सांगायचे, तिनं लिहायचे. पाच तिनं लिहायचे, मी हिंदीत वाचायचे. पहिल्याच दिवशी तिनं माझ्यापुढे ८९ धरला आणि मी उनासी म्हणालो. ते एकोणऐंशीचं नाव. मला खरंच येत नव्हतं. तिनं पाटीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग आईकडे पाहिलं. हसायची परवानगी आहे का, हे ती शोधत होती. हसली नाही. हळूच म्हणाली, "नवासी, बाबा." मी पाटी घेऊन तीनदा नवासी लिहिलं.

दहा आकडे झाले की उठायचं, असं ठरवलं. मला ते फार जड जाई. ती रंगात आली की आणखी दहा करून घ्यावेत असं वाटे, अडली की ओरडावंसं होई. तसं झालं की मी चप्पल घालून तापीवर जायचो, घाटावर बसायचो आणि राग उतरल्यावर परत यायचो. दोनदा ते जमलं नाही आणि मी ओरडलो. दोन्ही वेळा तिचे ओठ लगेच मिटले. महिन्याभराची कमाई माझ्या एका आरोळीत कशी जाते, ते मला समोर दिसत होतं. अभ्यासाची सवय तिला आधीपासून होती. सवय मला लावायची होती, आणि मी काही चांगला विद्यार्थी नव्हतो.

पोटदुखी कमी झाली, थांबली नाही. उत्तरं यायला लागली, पहिल्यासारखी सुटी-मोकळी नव्हे, पण यायला लागली. एक मात्र झालं. आधी पाटीवर लिहायची, मग बोटानं मांडीवर लिहायला लागली, मग नुसतं बघून सांगायला लागली. मला वाटलं, सराव झाला.

वार्षिक परीक्षेची तोंडी घ्यायला दुसऱ्या शाळेचे एक शिक्षक आले. सकाळी निघताना मी तिला दारात थांबवलं आणि म्हणालो, घाई करू नकोस, ओठ हलले तरी हलू देत, कुणी हसलं तर हसू दे. हे वाक्य मी आदल्या दिवसापासून जुळवून ठेवलं होतं. ती बरं म्हणाली. मग म्हणाली, बाबा, तुम्ही त्या खोलीच्या दाराशी येऊ नका. मी गेलो नाही. माझ्या वर्गात बसून राहिलो आणि त्या दिवशी माझ्या वर्गानं एकही पाढा मोठ्यानं म्हटला नाही.

ती पास झाली. फार चांगल्या गुणांनी नाही, पण झाली. गुरुजी स्वतः सांगत आले. तोंडीत सत्रह पंजे विचारलं आणि लगेच पचासी सांगितलं, म्हणाले. दादाला निरोप गेला, तो दुसऱ्याच दिवशी आला, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि मला म्हणाला, घाल पाचवीला. शब्द पाळणारा माणूस. मी जिंकलो होतो, पोर शाळेत राहिली होती, आणि मला घरात धड उभं राहवत नव्हतं.

कारण निकालाच्या दिवशी संध्याकाळी मी ओसरीवर बसलो होतो आणि मायलेकी आत बोलत होत्या. बायकोनं विचारलं, तोंडीला भीती वाटली का गं? मुलगी म्हणाली, नाही. तिच्या आवाजात कितीतरी दिवसांनी जुना आनंद होता. पाहुण्यांसमोर पाढा म्हणून झाल्यावर असायचा तोच.

"आई," ती म्हणाली, "सगळा पाढा मी मनात मराठीत म्हटला, आणि माझे ओठ जरासुद्धा हलले नाहीत. कुणाला कळलंच नाही."

मी तिला सकाळी सांगितलेलं वाक्य तिच्यापर्यंत पोचलंच नव्हतं. पोचलं होतं ते पौषातलं, ओठ हलवू नकोस. पाढा लपवायचा कसा, हे ती शिकली होती आणि त्यातच पास झाल्याचं तिला वाटत होतं.

आमच्याकडे परवचा पुन्हा झाला नाही. मी तिला म्हणायला सांगितलं नाही आणि तिनं आपण होऊन म्हटला नाही. दिवेलागणीला माग तेवढे ऐकू यायचे. भिंतीवरचे हिंदी पाढे मी त्या उन्हाळ्यात पुसायला घेतले तर तिनं हात धरला. म्हणाली, राहू द्या, तुमची हिंदीची परीक्षा व्हायची आहे ना अजून?

ती पुढे शिकली, आणि आता तीच मुलांना गणित शिकवते. मी कधी तिच्याकडे राहायला गेलो की ती टेबलाशी वह्या तपासत बसलेली असते. बेरजेच्या वेळी दोन्ही ओठ आत ओढून दातांखाली धरते. तिच्या विद्यार्थ्यांना वाटतं, बाई फार कडक आहेत. मी समोरच्या खुर्चीवर वर्तमानपत्र धरून बसतो आणि तिची बेरीज होईपर्यंत पान उलटत नाही.